एक वाटी, शंभर ऑपरेशनं

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा साधा माणूस आहे. पण गेले तीन-चार वीकेंड मी एका अगदी चिमुकल्या विषयावर मिळेल ते वाचत सुटलोय, आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. विषय आहे गुडघ्याची वाटी. जागेवरून सरकणारी वाटी, आणि ती जागेवर राहावी म्हणून गेल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत सर्जन मंडळींनी केलेले उपद्व्याप.

निमित्त झालं माझी मामेबहीण. वय वर्षं एकोणीस. एका हळदीला नाचता नाचता तिची वाटी सरकली, आणि ही तिसरी खेप. मग तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले, दुर्बिणीतून वाटीची बाहेरची बाजू सैल करू. दुसरे म्हणाले, आतल्या बाजूला नवं लिगामेंट बसवू. तिसरे म्हणाले, नडगीच्या हाडाचा तुकडा कापून थोडा आत सरकवू. मामी वैतागून मला म्हणाली, "अरे, तिघंही एवढे शिकलेले, मग तिघांचं उत्तर वेगळं कसं?"

प्रश्न एकदम रास्त होता. आमच्या धंद्यात एकाच बगवर तीन सीनियर लोक तीन वेगळे फिक्स सुचवतात, तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येकजण सिस्टिमच्या वेगळ्या भागाकडे बघत असतो. इथेही तसंच आहे का, हे बघायला मी मागे मागे जात राहिलो, आणि पोचलो थेट १८८८ सालात.

पण त्याआधी थोडं मेकॅनिक्स. (इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी जेवढं होतं तेवढंच, घाबरू नका.)

विहिरीवरचा रहाट आठवा. चाकाला खाच असते आणि त्या खाचेतून दोर पळतो. गुडघ्यात मांडीचा पुढचा मोठा स्नायू हा दोर ओढणारा गडी. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक पन्हळ असते, ती चाकाची खाच. दोराचं खालचं टोक नडगीच्या वरच्या भागात एका उंचवट्याला बांधलेलं असतं. (गुडघ्याखाली बोट फिरवा, टेंगळासारखा लागतो तो.) आणि दोराच्या मध्यावर, पन्हळीत घसरत जाणारा हाडाचा गोल तुकडा म्हणजे आपली वाटी. गंमत म्हणजे वैद्यकातला शब्द 'पटेला' हा लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ छोटी ताटली. त्यांना ताटली दिसली, आपल्याला वाटी. स्वयंपाकघर एकच!

आता मेख अशी, की हा दोर सरळ रेषेत नसतो. मांडीचं हाड खुब्याकडून तिरपं आत येतं आणि नडगी सरळ खाली जाते, त्यामुळे वाटीपाशी दोराला कोन पडतो. दोर ताणला की वाटी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. म्हणूनच ती सरकते ती जवळजवळ नेहमी बाहेरच. पन्हळीचा बाहेरचा काठ उंच असतो तो तिला अडवायलाच. पण पाय सरळ असताना वाटी पन्हळीच्या वर असते. गुडघा साधारण वीस-तीस अंश वाकला की मग ती पन्हळीत नीट बसते. त्या मधल्या टप्प्यात तिला धरून ठेवायला आतल्या बाजूची पातळ ऊती असते.

म्हणजे वाटी सरकायला कारणं चार. पन्हळ उथळ असेल, दोराचं खालचं टोक फार बाहेर असेल, वाटी फार वर असेल, किंवा आतला बंध तुटलेला असेल. हे चारही लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास याच चौघांभोवती फिरतो.

तर १८८८. स्वित्झर्लंडमधलं लोझान गाव. सर्जनचं नाव सेझार रू. हा थिओडोर कोखरचा चेला, ज्या कोखरला पुढे १९०९ मध्ये नोबेल मिळालं. रूचं नाव आज बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीत घेतलं जातं, आतड्याच्या 'वाय' आकाराच्या जोडणीमुळे. पण याच माणसाने वारंवार सरकणाऱ्या वाटीवर ऑपरेशन करून ते लिहून ठेवलं. काय केलं? बाहेरची ताणलेली ऊती सैल केली, आतली ढिली पडलेली ऊती शिवून घट्ट केली, आणि दोराचं नडगीवरचं टोक आतल्या बाजूला सरकवलं.

जरा थांबा आणि मामेबहिणीचे तीन डॉक्टर आठवा. बाहेरून सैल करा, आतून घट्ट करा, टोक सरकवा. तिघांच्याही कल्पनेचं बीज १८८८ च्या एकाच ऑपरेशनमध्ये आहे! आणि तेव्हा एक्स-रेचा शोधसुद्धा लागलेला नव्हता, तो लागला १८९५ मध्ये. ईथरची भूल १८४६ पासून होती, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ पासून. त्याआधी गुडघा उघडणं म्हणजे पाय, नाहीतर जीव, पणाला लावणं होतं. आत काय बिघडलंय याचं एकही चित्र हातात नसताना रूने हे केलं, याला माझा सलाम.

पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर बॉस्टनमध्ये जोएल गोल्डथ्वेटने युक्ती काढली. वाटीखालचा दोर उभा चिरायचा, बाहेरचा अर्धा भाग सोडवून आतल्या अर्ध्याच्या खालून काढायचा आणि आतल्या बाजूला शिवायचा. हाड कापायचंच नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे महत्त्वाचं, कारण नडगीच्या त्या उंचवट्यापाशी हाड वाढण्याची जागा असते. तिथे छिन्नी लागली तर पाय वाकडा वाढू शकतो.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रेड अल्बीने खाचेकडे लक्ष दिलं. हा हाडाचं कलम करण्यात वाकबगार. त्याने पन्हळीच्या बाहेरच्या काठाखाली हाडाची पाचर ठोकून काठच उंच केला. रस्त्यावरून गाडी खाली जातेय ना, मग कठडा वाढवा. दिसायला तर्कशुद्ध. पण उंच केलेल्या काठावर वाटी जास्त जोराने घासायला लागते, हा हिशेब नंतर कळला.

आणि मग आलं १९३८, या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोठं प्रकरण. शिकागोचा एमिल हाउझर. त्याने नडगीवरचं दोराचं टोक हाडाच्या तुकड्यासकट काढलं आणि आतल्या बाजूला अन् खाली नेऊन बसवलं. वाटी सरकायची थांबली. ऑपरेशन गाजलं आणि कित्येक वर्षं जगभर होत राहिलं.

फक्त एक भानगड होती. नडगीचं हाड आडवं कापलं तर त्रिकोणी दिसतं, आणि त्या त्रिकोणाचं टोक पुढे असतं. म्हणजे टोकावरची वस्तू आतल्या बाजूला सरकवली की ती उतारावरून आपोआप मागेही जाते. हाउझरला हवी होती एका दिशेची हालचाल, पदरात पडली दोन दिशांची. दोराचं टोक मागे गेलं की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. प्रत्येक जिना, प्रत्येक उठाबस, जास्त दाब. हाडाच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, हळूहळू झिजते. दोन वर्षांनी पेशंट खूश, कारण वाटी जागेवर. वीस वर्षांनी गुडघा सांधेदुखीने आखडलेला.

१९७६ मध्ये क्रॉस्बी आणि इन्सॉल या दोघांनी जुने पेशंट पुन्हा तपासून निष्कर्ष छापला, की ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही त्यांच्यात सांध्याची झीज कमी आढळली, आणि हे टोक सरकवलेल्यांमध्ये जास्त. विचार करा, ज्या दुखण्याने जीव जात नाही, त्यावरचा उपाय दुखण्यापेक्षा महाग पडला. आपल्या भाषेत सांगायचं तर फिक्स टेस्टिंगमध्ये पास झाला, क्लायंटने सही केली, टीम पांगली, आणि बग वीस वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये फुटला. फरक इतकाच, की इथे रोलबॅक नाही.

हाउझरला शिव्या घालणं सोपं आहे, पण मला तो निष्काळजी वाटत नाही. त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न होता 'वाटी परत सरकते का?' त्याचं उत्तर खरंच 'नाही' असं होतं. 'वीस वर्षांनी गुडघा कसा आहे?' हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाची एक कल्पनाही आली होती. १९३७ मध्ये इंग्लंडच्या राल्फ ब्रूकने मांडलं, की वाटीची गरजच नाही, उत्क्रांतीत मागे राहिलेला तो निरुपयोगी तुकडा आहे. मोडलेली वाटी काढून टाकली तरी गुडघा उत्तम चालतो. (ही फाइल कुठे वापरात दिसत नाही, डिलीट करून बघू या का? हे वाक्य ऑफिसात ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.) मग मोडलेल्याच नव्हे, तर सरकून सरकून खराब झालेल्या वाट्याही काढल्या गेल्या. पुढच्या काही दशकांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की वाटी दोराला हाडापासून पुढे उचलून धरते आणि त्यामुळे स्नायूला तरफ मिळते. वाटी काढली तर पाय पूर्ण सरळ करताना या तरफेतला सुमारे ३० टक्के भाग जातो. तेवढी जास्त ताकद मांडीने लावायची.

हाउझरची चूक कळल्यावर दुरुस्तीचं पर्व सुरू झालं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात आल्बेर त्रिया याने १९६४ मध्ये टोक सरकवण्याची सौम्य रीत लिहिली. हाडाचा तुकडा खालून तसाच जोडलेला ठेवायचा आणि दाराच्या बिजागरीसारखा आत वळवायचा. बेल्जियमच्या पॉल माके याने उलटी दिशा पकडली. त्याने सांध्याचा दाब कमी करण्यासाठी टोक पुढे उचललं, खाली हाडाचा ठोकळा ठेवून. दाब कमी झाला खरा, पण वरची कातडी ताणली जाऊन जखमा भरेनात. शेवटी १९८३ मध्ये अमेरिकेच्या जॉन फुल्कर्सनने दोन्ही एकत्र आणलं. हाडाला काप सपाट न देता तिरका द्यायचा. मग तुकडा आत सरकवला की त्या तिरक्या उतारावर तो आपसूक पुढेही चढतो. हाउझरला त्रिकोणाने मागे खेचलं होतं, फुल्कर्सनने तीच भूमिती कामाला लावली. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या 'वाह!' म्हणालो. ही रीत आजही वापरात आहे.

दरम्यान दुर्बिणीचं युग आलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बाहेरची ऊती कापून सैल करणं हे एकदम लोकप्रिय झालं. छोटं काम, छोटी भोकं, पेशंट लवकर घरी. सोपं आहे म्हणून सगळ्यांनाच केलं गेलं, अगदी ज्यांचा तो आजार नव्हता त्यांनाही. १९८८ मध्ये जॅक ह्युस्टन आणि डीझ यांनी लिहिलं, की असं ऑपरेशन झालेल्या काही जणांची वाटी आता उलट्या दिशेला, आतल्या बाजूला सरकते आहे! पुढच्या मोजमापांतून हेही निघालं, की बाहेरची ही ऊती वाटीला बाहेर जाण्यापासूनही थोडीफार अडवत असते. म्हणजे ती कापली की पकड ढिलीच होते. आज सरकणाऱ्या वाटीवर एकटा हाच उपाय करू नये, असं मत रूढ आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, अरे मग बरोबर कोण होतं? मला वाटतं, प्रश्न बदलला लियाँच्या लोकांनी. त्रियाचा वारसा चालवणारा आँरी देजूर आणि त्याचे सहकारी यांनी ऑपरेशन बाजूला ठेवून आधी मोजायला घेतलं. १९९४ मध्ये त्यांनी वाटी सरकणाऱ्या गुडघ्यांचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन निरोगी गुडघ्यांशेजारी ठेवून तपासले. पन्हळीतच दोष असलेले निघाले ८५ टक्के. दोराचं टोक पन्हळीच्या मध्यापासून २० मिलिमीटर किंवा जास्त बाहेर असलेले ५६ टक्के. वाटी फार वर असलेले २४ टक्के. वाटी प्रमाणाबाहेर कललेले ८३ टक्के. बेरीज शंभराच्या कितीतरी वर जाते, कारण एकाच गुडघ्यात दोन-तीन दोष एकत्र नांदत असतात.

माझ्यासारख्याला हे वाचून हायसं वाटलं. इतकी वर्षं प्रत्येकजण आपल्या आवडीच्या एका दोषावर हातोडा घेऊन उभा होता. या एकाच दुखण्यावर शंभराहून जास्त ऑपरेशनं नोंदली गेली आहेत असं म्हणतात, आणि एवढे उपाय असतात तेव्हा आजार एक नसतो. देजूरच्या मंडळींचा नियम साधा होता. मोजा, आणि जो दोष सापडेल तेवढाच दुरुस्त करा. हॉटेलात थाळी न मागवता हवा तो पदार्थ मागवावा तसं. अल्बीने काठ उंच केला होता, पण यांच्या एक्स-रेत दिसलं की बहुतेकदा काठ ठीक असतो आणि पन्हळीचा तळच वर आलेला असतो. म्हणून त्यांनी तळाखालचं हाड कोरून पन्हळ खोल करायची रीत पक्की केली. हे काम अवघड आणि कूर्चेशी खेळणारं असल्याने आजही मोजक्या, फार बिघडलेल्या गुडघ्यांपुरतंच केलं जातं.

राहिला आतला बंध. त्याचं नाव लांबलचक आहे, सगळे एमपीएफएल म्हणतात. मांडीच्या हाडापासून वाटीच्या आतल्या काठापर्यंत जाणारी ही पाच-सहा सेंटीमीटरची पातळ पट्टी. स्नायूखाली दडलेली, त्यामुळे कित्येक वर्षं तिला फारसं कुणी मोजतच नव्हतं. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉरन आणि मार्शल यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूचे थर नीट उलगडून दाखवले. १९९३ च्या एका अभ्यासात मृतदेहांच्या गुडघ्यांवर जोर मोजला, तर वाटीला बाहेर जाण्यापासून रोखणाऱ्या एकूण विरोधातला ५३ टक्के वाटा या एकट्या पट्टीचा निघाला. रू ज्या ऊतीला अंदाजाने टाके घालत होता, तिच्यातला खरा दोरा हा! वाटी एकदा निखळली की बहुतेक वेळा हीच फाटते.

१९९२ मध्ये ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे इथल्या एलेरा गोमेसने ही पट्टी कृत्रिम धाग्याने नव्याने बनवल्याचं लिहिलं. आता त्यासाठी बहुतेक करून पेशंटच्याच मांडीमागचा एक बारीक स्नायुबंध काढून वापरतात. वारंवार सरकणाऱ्या वाटीसाठी हे आज सर्वांत जास्त सुचवलं जाणारं ऑपरेशन आहे, आणि निकाल चांगले आहेत. पण इथेही जुनं भूत दबा धरून आहे. २००६ मध्ये एलायस आणि कॉसगारिया यांनी दाखवलं, की नवी पट्टी मांडीच्या हाडावर पाच मिलिमीटर चुकीच्या जागी बसली आणि तीन मिलिमीटर आखूड झाली, तर वाटीच्या आतल्या बाजूवर दाब एकदम वाढतो. म्हणजे पुन्हा हाउझरच! २००७ मध्ये श्योटल आणि सहकाऱ्यांनी ती जागा एक्स-रेवर कशी हेरायची ते ठरवून दिलं, तेव्हा कुठे कामाला शिस्त आली.

आणि मुळात ऑपरेशन करायचंच का? कॅलिफोर्नियात झालेल्या फिथियन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२००४) पहिल्यांदाच वाटी निखळलेल्यांपैकी पुढच्या दोन ते पाच वर्षांत १७ टक्क्यांचीच पुन्हा निखळली. आधी निखळलेली असेल तर मात्र ४९ टक्के. फिनलंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना पहिल्या खेपेलाच दोन गटांत विभागून सरासरी चौदा वर्षं पाठपुरावा केला (२००८ मध्ये छापून आलं). पुन्हा निखळण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ७१ टक्के, केलेल्यांत ६७. जवळजवळ सारखंच! (ते ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, फाटलेलं शिवण्याचं होतं, हे लक्षात घ्यायला हवं.) दोन अभ्यासांतले आकडे इतके वेगळे, याचं एक कारण वय. दहा ते सतराच्या वयात हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरत नसेल, तर पहिल्या खेपेला बहुतेकांना फिजिओथेरपीच सांगतात.

या सगळ्या वाचनानंतर बहिणीला मी 'हे ऑपरेशन कर' असं काही सांगितलं नाही, ती माझी लायकी नाही. तिला चार प्रश्न कागदावर लिहून दिले. माझी पन्हळ कशी आहे? दोराच्या टोकाचं अंतर किती मिलिमीटर? वाटी वर आहे का? आतला बंध फाटलाय का आणि कूर्चा शाबूत आहे का? ही उत्तरं देऊन मग जो सर्जन ऑपरेशनचं नाव घेईल, त्याच्याशी पुढचं बोल. तिघांपैकी एकाने एमआरआय आणि सीटीवर रेघा मारून सगळं तिला अर्धा तास समजावलं. तिच्या गुडघ्यात दोष दोन निघाले.

मला या इतिहासातून घ्यावंसं वाटलं ते एवढंच. रूपासून श्योटलपर्यंत कुणीही मूर्ख नव्हतं. प्रत्येकाने समोर दिसणारी गोष्ट मन लावून दुरुस्त केली. कमी पडल्या त्या दोनच गोष्टी. आधी कारण मोजणं, आणि नंतर पेशंटला वीस वर्षांनी परत बोलावणं. नव्या पट्टीचं ऑपरेशन सुरू होऊन आता कुठे तीस-पस्तीस वर्षं होताहेत, तेव्हा त्याचाही अंतिम निकाल यायचाच आहे. तोवर जो सर्जन 'माझे जुने पेशंट आज कसे चालतात ते मी बघतो' असं म्हणेल, त्याच्यावर माझा विश्वास थोडा जास्त बसेल.

असो. फार लांबलं. बराच वेळ मांडी घालून वाचत असाल तर उठा जरा, पाय मोकळे करा.